अनुभव धागा : गेम्सचा संग्रह की नुसती साठवण? (बेळगाव-खानापूर-निपाणी)

धागाकर्ता, अनगोळ

मृग जवळ आला की आपल्या भागात पोटमाळे उघडतात. जळण आत येतं, पापड-सांडग्यांचे डबे भरले जातात, कौलं शाकारली जातात. त्याच गडबडीत ती पेटीही खाली येते, जिच्यात टीव्ही गेमच्या कॅसेटी, पीएस-टूच्या (प्लेस्टेशन-२ या गेमयंत्राच्या) डिस्क, वायरींचा गुंता आणि एखादा बटण बसलेला रिमोट असतो. बेगमी वापरून संपवायची असते, संग्रह जपायचा असतो. पेटीतला माल या दोन्हींत बसत नसेल तर ती साठवण.

संख्येवर काही ठरत नाही. टेक्सासमधल्या अंतोनिओ मोंतेइरो यांच्या २४,२६८ गेम्सची गिनीजनं नोंद केली, ती मोजून. इकडे चाळीस डिस्कांची पिशवी असते आणि त्यातल्या किती चालतात ते मालकाला सांगता येत नाही. माझा हिशोब पावसाळ्यावर बसवलेला आहे. एक डिस्क बघून, पुसून, चालवून परत ठेवायला ५ मिनिटं लागतात, कॅसेटला १०, कन्सोलला, म्हणजे गेमच्या यंत्राला, पाऊण तास. म्हणजे ८० डिस्क, २० कॅसेटी आणि २ कन्सोल यांना साडेअकरा तास. मे महिन्यातले दोन रविवार एवढ्यातच संपतात. त्यापुढचं जे घरात आहे ते पावसाच्या हवाली केलेलं असतं.

ज्यांचा या कामात हात बसलाय त्यांनी लिहावं. काय करता, कशानं करता, किती प्रमाणात, आणि कुठे चुकतं.

जांबोटीकर

ओलीपासून सुरुवात करतो, कारण खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर तोच एक विषय असतो. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आधी घ्या आणि खोलीत नको, डब्याच्या आत ठेवा. ४० ते ५० टक्के ठीक. ६५च्या वर बरेच दिवस राहिलं की पुस्तिकांवर आणि कव्हरच्या कागदावर बुरशी धरते. ३५च्या खाली नेण्याचाही हट्ट नको, कागद कडक होऊन घडीवर तुटतो.

रबरी कडा असलेला ३० लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी दाण्यांचं घ्या, ओल शोषली की ते हिरवं होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं, लहान मुलांच्या घरात ते नकोच. दाणे सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, डिस्कांवर मोकळे पसरू नका. डबा भरायचा दिवस मात्र कोरडा हवा. जुलैत डबा उघडून सामान आत टाकलं आणि झाकण लावलं, की ओल आतच कोंडली जाते. वळीव होऊन गेल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन पडतं, तो मुहूर्त साधा.

जांभ्या दगडाची भिंत ओल धरून ठेवते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. खोकी थेट फरशीवर ठेवली की खालून वाळवी येते.

आणि एक कळकळीची विनंती. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकू नका. नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि सीडीची कडक पारदर्शक डबी पॉलिस्टायरीनचीच असते. साड्यांबरोबर ठेवलेल्या डब्या दोन-तीन वर्षांनी धुरकट आणि चिकट निघतात त्या यामुळे.

टिळकवाडी_तिसरंगेट

डिस्कांबद्दल. सगळ्या डिस्क सारख्या नसतात आणि जपण्याची रीतही एक नाही.

पीएस-वनच्या डिस्क म्हणजे सीडी. जाडी १.२ मिलिमीटर, पण माहितीचा चकचकीत थर वरच्या, चित्राच्या बाजूला अगदी लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. म्हणजे खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा वाईट. बॉलपेननं डिस्कवर नाव लिहिणं, चिकटपट्टी लावून ओढणं, या दोन गोष्टींनी चांगल्या सीडी गेलेल्या आहेत. पीएस-टूच्या बहुतेक डिस्क डीव्हीडी आहेत, ०.६ मिलिमीटरचे दोन थर चिकटवलेले आणि माहिती मध्ये. काही पीएस-टू डिस्कांचा तळ निळा दिसतो, त्या मात्र सीडीच. पीएस-थ्रीची ब्लू-रे सगळ्यात नाजूक, कारण माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते. सीडी-डीव्हीडी घासून गुळगुळीत करता येते, ब्लू-रे यंत्रावर घातली की संपली.

तपासणी अंधारात करा. डिस्कच्या मागे मोबाईलचा टॉर्च धरा आणि चित्राच्या बाजूनं बघा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर अ‍ॅल्युमिनियमचा थर हवेनं खाल्लाय. त्यावर इलाज नाही, ठिपके वाढतच जातात. अशी डिस्क चालते आहे तोवर तिची प्रत काढा आणि वहीत तसं लिहा. पुसताना मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं की ओरखडा माहितीच्या वाटेवर लांबलचक पडतो आणि लेझरला तो ओलांडता येत नाही.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून डिस्क काढून टाका. त्यातला तेलकट पदार्थ झिरपतो आणि डिस्क पाकिटाला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, आणि डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. तारेवर ओवलेल्या पन्नास डिस्कांची चळत म्हणजे पन्नास डिस्क एकमेकींना घासताहेत.

निपाणीकर

कॅसेटींचं मी सांगतो. आपल्याकडे नव्वदीत जे टीव्ही गेम आले ते बहुतेक १९८३च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी कन्सोलच्या नकला. कॅसेट ६० पिनी. त्याच्याच अमेरिकन रूपाची, एनईएसची, ७२ पिनी, ती यात बसत नाही.

कॅसेट चालत नाही म्हणून टाकू नका आणि चालत नाही म्हणून नुसती ठेवूही नका. आधी स्वच्छ करा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाच्या कापसाच्या चार काड्या. पिनांच्या लांबीच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही. काडी काळी निघते, तेवढा काळेपणा संपेपर्यंत. मग पाच मिनिटं वाळू द्यायचं. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. सँडपेपर तर अजिबात नको, पिनांवरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. तोंडानं फुंकायची सवय सगळ्यांना असते, पण थुंकीची वाफ पिनांवर बसून गंज वाढतो. फुंकल्यावर गेम चालू होतो तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे.

खोलून बघायचं तर नकली कॅसेटींना बहुधा खाचा असतात, काहींना एक साधा स्क्रू. निन्टेंडोच्या अस्सल एनईएस, एन-६४, गेमबॉय कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. आत काळा थेंब दिसला तर चिप त्या थेंबाखालीच आहे. तो थेंब तडकला किंवा खालची जोडणी सुटली की दुरुस्ती नाही. अशी कॅसेट फक्त कव्हरसाठी ठेवायची. ठेवायची तर एकच.

अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी मल्टिमीटरनं टोकं बघा. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग येणारे ९ व्होल्ट कमी करून ५ करतो, पण धन-ऋण उलट आलं तर तोही वाचत नाही आणि पुढचंही जळतं. जपानी कन्सोल १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३०वर थेट लावू नये.

ज्या कॅसेटीत गेम सेव्ह होतो तिच्यात गोल सेल असतो. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही चालतं, म्हणून तो सेल लवकर उतरतो. सेल काढला की सेव्ह गेलं. बदलताना जुन्या सेलवरचा छापील क्रमांक बघून तोच घ्यायचा, आणि पट्ट्या लावलेला घ्यायचा. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, तापून फुटतो.

अथणीकर

आमच्याकडे पाऊस कमी, त्रास धुळीचा आणि उन्हाचा. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलमध्ये काहीच ठेवू नये. रबरबँड वितळून पुस्तिकेला चिकटतो, त्याऐवजी सुती दोरा बांधा. कन्सोल झाकायला प्लास्टिक नको, जुन्या धोतराचं कापड बरं.

शहापूरकर

डब्यात न दिसणारी साठवणही धरा की. एपिक हे ऑनलाइन गेम-दुकान डिसेंबर २०१८ पासून मोफत गेम देतं, स्टीम या तशाच दुकानात सवलती येतच राहतात, आणि यादी पाचशेवर जाते. जागा लागत नाही म्हणून ही साठवण वाटतच नाही. पण स्टीमवर आपण घेतो तो वापराचा परवाना. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी-यू या कन्सोलांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ला. 'द क्रू' या मोटार-शर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क निरुपयोगी झाली. जून २०२५ला आलेल्या निन्टेंडोच्या स्विच-टू कन्सोलच्या काही कार्डांत तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम नेटवरून उतरवावा लागतो.

म्हणून वस्तू विकत घेताना बघा, नेट नसताना हे चालेल का? जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल उतरवून ठेवता येते. ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, वर्षातून एकदा उघडून बघायची. न उतरवलेली यादी मी संग्रहात धरत नाही.

घेतल्यावर पस्तावा झाला तर स्टीम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत करतं. सेलमध्ये घेतलेला गेम त्या पंधरवड्यात उघडा, आवडला नाही तर परत करा. इतक्या साध्या नियमानं माझ्या ओळखीतल्या बऱ्याच याद्या आटोक्यात आल्यात.

एक गोष्ट जपणाऱ्यांच्या बाजूनं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ला दाखवलं की तिथे २०१० आधी निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा दुकानात मिळत नव्हते. म्हणजे कोणीतरी नीट जपायलाच हवं.

समुपदेशक, चिकोडी

'साठेबाज' हा शब्द घरात चिडून वापरला जातो, म्हणून थोडं नेमकं सांगते. साठवणीचा विकार २०१३ पासून डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात स्वतंत्र निदान आहे. खूप वस्तू असणं हे त्याचं लक्षण नाही. वस्तूची किंमत काहीही असो, ती सोडणं सतत जड जातं, सोडायच्या नुसत्या विचारानं जीव कासावीस होतो, आणि राहती जागा तिच्या कामासाठी वापरता येत नाही. खाटेवर झोपता येतं का, गॅसपाशी उभं राहता येतं का, दार पूर्ण उघडतं का, हे तीन प्रश्न घरच्यांनी विचारावेत. कपाटभर नीट लावलेल्या गेम्सना हे निदान लागू नाही.

खरंच अडचण असेल तर त्या माणसाच्या मागे पेटी भंगारात देऊ नका. विश्वास तुटतो आणि नवीन आणणं वाढतं. रोज पंधरा मिनिटं, एकच डबा, निर्णय त्याचा. ठेवायचं, द्यायचं, नंतर बघू, असे तीन ढीग, आणि 'नंतर'च्या ढिगावर तारीख. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं.

कॅम्प_दुरुस्ती

बाहेर काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. दुबार प्रतींतली चांगली एक ठेवा, दुसरी दुरुस्तीच्या भागांसाठी ठेवायची असेल तर तिच्यावर 'भाग' अशी चिठ्ठी लावा. बिनचिठ्ठीचा बंद कन्सोल दहा वर्षं तसाच राहतो. पीएसपीचा (हातात धरून खेळायच्या प्लेस्टेशनचा) सेल फुगला असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर, आणि मग अधिकृत ई-कचरा केंद्रात. भंगारवाल्याला देऊ नका, वायरी जाळतात.

सीलबंद ठेवून भाव येईल या आशेनं घेतलेला माल वेगळा मोजा. जुलै २०२१ला सुपर मारिओ ६४ची सीलबंद प्रत १५.६ लाख डॉलरला गेली, त्यानंतर साधे गेमही लोक सील न फोडता ठेवू लागले. आवरण वर्षानुवर्षं ताणलेलं राहतं आणि पुठ्ठ्याच्या कडा दाबून मोडतं. आतली डिस्क कशी आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. पैसे गुंतवायचेत तर त्याला गुंतवणूक म्हणा आणि तोट्याचीही वही ठेवा.

धागाकर्ता, अनगोळ

गेम्सच्या नोंदवहीचा उल्लेख वर आलाय, माझ्या वहीचे रकाने हे. क्रमांक, नाव, प्रकार, कुठल्या डब्यात, शेवटचं कधी चालवलं, दोष, किंमत. 'शेवटचं चालवलं' या रकान्यात दोन पावसाळ्यांपूर्वीची तारीख असेल तर ती वस्तू यंदा पहिल्या रविवारी तपासायची.

उचगावकर

जांबोटीकर दादा, जेल किती दिवसांनी वाळवायचं? ओव्हन नसेल तर?

जांबोटीकर

रंग सांगेल. जुलैत डबा आठवड्यातून एकदा उघडत असाल तर साधारण तीन आठवड्यांनी हिरवं पडतं. न उघडलेला डबा पूर्ण पावसाळा काढतो. ओव्हन असेल तर ११० अंशांना दोन तास. नसेल तर लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहायचं, धूर किंवा करपल्याचा वास यायच्या आत उतरवायचं. नंतर तो तवा भाकरीला वापरू नका. गार होईपर्यंत बरणीचं झाकण लावून ठेवा, उघड्यावर गार केलं तर तितक्यात परत ओल घेतं.