नौदलातून निवृत्त झालेल्या वडिलांवर स्मृतिलेख लिहायचा आहे. जहाजांच्या यादीपलीकडे काय लिहावे?

धाकटी:

माझे वडील तीन महिन्यांपूर्वी गेले. नौदलाच्या सिग्नल विभागात, म्हणजे दिव्यांनी आणि निशाणांनी संदेश देण्याघेण्याच्या कामात, त्यांनी २१ वर्षे काढली. घरच्यांसाठी आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांसाठी एक छोटी स्मरणपुस्तिका काढायचे ठरले असून मुख्य लेख माझ्याकडे आला आहे. थोरल्या भावाने जहाजांची नावे, बढत्यांची वर्षे आणि पदके अशी दोन पानी यादी करून दिली आहे. तीत चूक काहीच नाही, पण वाचताना मला तीत बाबा सापडत नाहीत.

मला आठवते ते फार किरकोळ आहे. रजेवर आले की ते पहाटे चारच्या आधी उठत आणि आम्हा भावंडांची पांघरुणे नीट करून जात. हातात एक जुनी टॉर्च असे आणि तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने बसवलेला असे. परीक्षेच्या दिवसांत आम्हाला उठवायचे असले तरी ते हाक मारीत नसत. पायाच्या अंगठ्याला हलकेच हात लावून, तो लाल उजेड भिंतीवर धरून उभे राहत. दुसरे असे की, आपण काही सांगू लागलो की दर दोन-चार शब्दांनंतर ते 'हं' म्हणत. 'हं' आले नाही तर ते आपल्याला पुन्हा सांगायला लावत आणि लहानपणी मला त्याचा राग येई. समुद्रावरचे ते काहीच बोलत नसत. मी सात वर्षांची होईपर्यंत ते मला पाहुण्यासारखे वाटत, हेही लिहावे का? अशा आठवणी नौसैनिकाच्या लेखात शोभतील का?

जुना खलाशी:

ताई, तुम्ही ज्यांना किरकोळ म्हणता त्या दोन्ही गोष्टी वाचून मी थोडा वेळ थांबलो, कारण त्या थेट जहाजावरच्या आहेत.

जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या पाळ्यांमध्ये, वाटलेला असतो. फक्त संध्याकाळी चार ते आठचा वॉच दोन-दोन तासांचा करतात, म्हणजे दिवसाचे एकूण सात वॉच होतात आणि त्याच माणसांवर रोज तीच वेळ येत नाही. मध्यरात्री ते चार हा वॉच सर्वांत नकोसा असतो. चारला येणाऱ्या माणसाला त्याआधीच उठवून आणावे लागते आणि ते करताना शेजारी झोपलेल्या दहा जणांची झोप मोडायची नसते. म्हणून हाक नाही, पायाला हात. लाल उजेडाचे कारण आणखी नेमके आहे. अंधारात पाहायला डोळ्यांना सरावण्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढरा प्रकाश डोळ्यांवर पडला की तो सराव क्षणात जातो. लाल उजेडात तो बराचसा टिकतो. सिग्नलवाल्याला वर जाऊन क्षितिजावरचा एखादा बारीक दिवा टिपायचा असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही काळजी अधिकच घेतली जाते.

आता 'हं' विषयी. दिव्याने मोर्समध्ये संदेश जातो तेव्हा समोरचा प्रत्येक शब्द नीट वाचला की एक लांब झळक देतो. ती झळक आली नाही तर पाठवणारा तोच शब्द पुन्हा पाठवतो. तुमच्या वडिलांची सवय तिथूनच आली असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण ज्याने वर्षानुवर्षे हेच काम केले त्याला आपल्या मुलीचा एकही शब्द वाटेत हरवू द्यायचा नव्हता, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

शाईचा डाग:

भावाची यादी काढून टाकू नका. जुने सोबती एकमेकांना जहाजाच्या नावावरूनच ओळखतात, त्यामुळे ती शेवटच्या पानावर असावी. मात्र तारखा सेवापत्रकाशी ताडून पाहा. माझ्या वडिलांवरच्या लेखात मी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून मोठ्या वादळाचे रसभरित वर्णन केले होते. त्यांच्या मित्राने नंतर फोन करून अतिशय सौम्यपणे कळवले की त्या महिन्यात दोघेही किनाऱ्यावर प्रशिक्षणात होते. जहाजाच्या रोजनाम्यात वाऱ्याचा जोर १८०५ मध्ये फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी आखलेल्या ० ते १२ या श्रेणीत आकड्याने लिहिण्याची पद्धत आहे. त्या कोरड्या आकड्यांसमोर माझे वर्णन फारच फुगलेले दिसले असते, हे मला तेव्हा कळले. वडील जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालू नका.

उंबरठा:

मी नौसैनिकाची पत्नी आहे, म्हणून फक्त पाहुणेपणाबद्दल लिहिते. तो अवश्य लिहावा. तो लपवला तर त्यांनी परत आल्यावर मुलांना जिंकण्यासाठी काय केले, हेही लपते. आमच्याकडे एका लांब सफरीनंतर मुलाने वडिलांना टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसू दिले नाही, कारण ती आता त्याची झाली होती. मी रागावणार होते, तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातले स्टूल ओढले आणि पूर्ण रजा त्यावर बसून जेवले. तुमच्या घरीही असे काहीतरी झालेच असेल; आईला विचारा.

धाकटी:

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आईला विचारले, तर ती म्हणाली की मी सुरुवातीला त्यांच्याकडे जात नसे, तेव्हा ते दुसऱ्या खोलीत बसून टॉर्च भिंतीवर उघडझाप करीत आणि मी तो ठिपका पकडायला आपणहून रांगत जाई. हे मला माहीतच नव्हते. टॉर्च कपाटाच्या तळाशी सापडली. कागद विरून फाटला आहे आणि रबरबँड वितळून काचेला चिकटला आहे. लेख तिच्यापासून सुरू करते आहे, यादी शेवटी देते आहे.

काल जुन्या खलाशांचे उत्तर थोरल्याला फोनवर वाचून दाखवले. 'हं'चा परिच्छेद संपला तरी पलीकडून काहीच आले नाही, म्हणून मी तो पुन्हा वाचला.