नोटांवरची शून्यं आणि एटीएमचा प्रश्न
परदेशात गेल्यावर सगळी रोकड विमानतळावरच बदलून घ्यावी, हा सल्ला मला पटत नाही. तिथला दर बहुधा चांगला नसतो. टॅक्सी-जेवणापुरते पैसे घ्या, बाकीचे शहरातल्या एटीएममधून काढा. मशीनने ‘रक्कम तुमच्या चलनात वळवू का?’ असं विचारलं, तर ठामपणे नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. होकार दिलात की दर तुमची बँक नाही, मशीनवाला ठरवतो, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हेच.

व्हिएतनामला जाणार असाल तर नोटा आधी नीट पाहून घ्याच. २०,००० आणि ५,००,००० डाँग (तिथलं चलन), दोन्ही निळसर, दोन्हींवर तिथले राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांचं चित्र. रात्री टॅक्सीतून उतरताना घाईत चुकीची नोट दिलीत तर पंचवीसपट पैसे गेले! मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यातच ठेवा.