मदत हवी आहे: ४६व्या वर्षी सायकॉलॉजी शिकायची आहे, कोर्स कुठला घेऊ? आणि मंडळीत (चर्चमध्ये) काय सांगू?

सगळ्यांना जय ख्रिस्त.

मी मिरजेची, स्टाफ नर्स, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन २२ वर्षं झाली, मधे मुक्त विद्यापीठातून बी.ए. पण केलं. आता मानसशास्त्र शिकायचं डोक्यात पक्कं बसलंय आणि त्याला कारण माझी चुलत जाऊ. नाव, गाव सांगत नाही, तिला विचारूनच लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते, संध्याकाळची वेळ, गॅसवर दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, वास सुटलेला, आणि ही ओट्याला टेकून डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणतेय. "पवित्र" शब्दापाशी आली की थांबायची, मान हलवायची, परत पहिल्यापासून. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, तरी चालूच. मी मोजलं, अकरा वेळा. मग रडायला लागली, म्हणाली ताई, तो शब्द म्हणताना मनात घाण विचार येतो, मग ती प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही, म्हणून परत म्हणावी लागते. रात्री दोन दोन वाजेपर्यंत हेच चालायचं, पोरं उपाशी झोपायची.

घरगुती प्रार्थनेत तिने हे सांगितलं होतं, नाही असं नाही. सगळ्यांनी प्रेमानेच सांगितलं की अजून प्रार्थना कर, उपास धर, विश्वास वाढव. तिने केलं ना. म्हणूनच तर वाढलं. सांगलीला डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले हा ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार परत परत येतात आणि तीच कृती परत परत करावीशी वाटते असा मनाचा आजार, आणि जितक्या वेळा ती प्रार्थना "नीट" करायला जाईल तितका तो घट्ट होणार. गोळ्या आणि थेरपी सुरू झाली, थेरपीत तिला शिकवलं की वाईट विचार आला तरी येऊ दे, प्रार्थना एकदाच म्हण आणि उठ. आता एकदाच म्हणते. त्या एकदाच म्हणण्यात तिला किती ताकद लागते ते मी पाहिलंय.

तेव्हापासून मला राहवत नाही. मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, मंडळीत महिला संघाचं काम केलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर आजार भक्तीच्या कपड्यात बसला होता तो मला ओळखता आला नाही. आपल्या मंडळीत अशा किती जणी असतील.

आमच्या पाळकसाहेबांशी (पास्टरांशी) बोलले. ते चांगले आहेत, माझ्यावर रागावले नाहीत, पण म्हणाले ही विद्या फ्रॉइडची, तो मनोविश्लेषणवाला डॉक्टर, त्याने धर्मालाच मनाचा आजार म्हटलंय, तू त्यात जाऊन विश्वास घालवून बसशील, पवित्र शास्त्र पुरेसं आहे. मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं की आपल्या मिरजेत डॉ. वानलेसनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल उघडलं, पुढे टीबीचं सॅनिटोरियम झालं, माझी आजी तिथे आया होती, तेव्हा पेशंटला कोणी म्हटलं का की शास्त्र पुरेसं आहे, फुप्फुसाचा इलाज नको? शुभवर्तमान लिहिणारा लूक तर स्वतः वैद्य. मग मनाच्या बाबतीतच का?

दुसरी अडचण कोर्सची. डिस्टन्सने एम.ए. करायचं ठरवलं होतं, तर यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून डिस्टन्स आणि ऑनलाइन सायकॉलॉजीच बंद केलं. नाइट ड्युटी करून रेग्युलर कॉलेज कसं जमणार? काय करू ते प्लीज सांगा, आणि ज्यांनी हे शिकलंय त्यांचा विश्वास डळमळला का तेही खरं खरं सांगा.

कृष्णाकाठ:
सिस्टर, तुम्ही रजिस्टर्ड नर्स आहात तर एम.ए.च्या मागे का लागताय? नर्सिंग कौन्सिलचा सायकियाट्रिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो, एक वर्षाचा. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं पुढचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन लागतं, हे बऱ्याच जणांना फी भरल्यावर कळतं. मंडळीतच काम करायचं असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटरला पण विचारा.

संडेस्कूलचे सर:
ताई, तुमच्या जावेला सांगा की प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरचं पण असंच काहीसं होतं. मठात असताना कधी कधी सहा सहा तास पापं कबूल करत बसायचा, उठून गेला की विसरलेलं एखादं आठवून परत यायचा, त्याचे गुरू श्टाउपित्स दमून जायचे. आणि पाळकसाहेबांना हे सांगा, फ्रॉइडने १९०७ मध्ये धार्मिक विधी आणि ओसीडीसारख्या कृती यांची तुलना केली हे खरं, पण ऑस्कर फिस्टर नावाचा स्वित्झर्लंडचा एक पाळक त्याचा मित्र होता, १९०९ पासून फ्रॉइड जाईपर्यंत. त्याने मनोविश्लेषण शिकून मंडळीत वापरलं, धर्मावरच्या फ्रॉइडच्या पुस्तकाला १९२८ मध्ये लेखी उत्तर दिलं, आणि निवृत्त होईपर्यंत पाळकच राहिला. मी स्वतः पन्नाशीत बी.ए. सायकॉलॉजी केलं. विश्वास गेला नाही, पण लोकांना पटकन वचन ऐकवायची सवय गेली, आधी ऐकून घेतो.

रेचल_अहिल्यानगर:
मला एक भीती वाटते ती मांडते. खरं पाप केलेल्या माणसाला पण आपण "तुला आजार आहे" म्हणून मोकळं करायला लागलो तर? पश्चात्तापाला जागा राहील का?

धागाकर्ती:
रेचलताई, बरं झालं विचारलंत, मलाही हाच प्रश्न होता. मी जे जवळून पाहिलं त्यावरून सांगते. पश्चात्ताप झालेला माणूस क्षमा मिळाली की उठतो, जाऊन ज्याचं नुकसान केलं त्याला भेटतो. माझ्या जावेला क्षमा मिळाली असं शंभर वेळा सांगितलं तरी ती उठू शकत नव्हती, आणि तिने कोणाचं काही बिघडवलेलंही नव्हतं. पण प्रत्येक वेळी इतकं स्पष्ट दिसेल असं नाही, आणि हा फरक अंदाजाने करायला मला भीती वाटते, म्हणून तर शिकायचंय.

सर, फिस्टरबद्दल रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना नक्की सांगते. कृष्णाकाठ, डिप्लोमाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, खूप आभार. आता एवढंच सांगा, नोकरीत असताना तो कोणी केलाय का? वर्षभराची स्टडी लीव्ह मिळते की बिनपगारी घ्यावी लागते? माझी मुलगी बारावीला आहे, त्या हिशोबाने मला ठरवावं लागेल.