एनपीएम१ पॉझिटिव्ह आणि एफएलटी३ पण, मग रिस्क नक्की कुठली?

कणकवलीकर
मामेभावाला एएमएल (एक ब्लड कॅन्सर) निघालाय, वय ३४. केमो मुंबईत सुरू झालीय. रिपोर्टमध्ये कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) नॉर्मल, एनपीएम१ जीनमधला बदल पॉझिटिव्ह आणि एफएलटी३ जीनमधला आयटीडी हा बदल पण पॉझिटिव्ह, रेशो (बदललेल्या जीनचं नॉर्मल जीनशी प्रमाण) ०.३. इथले ओळखीचे डॉक्टर म्हणाले गुड रिस्क आहे, मुंबईचे म्हणतात इंटरमीजिएट, बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करावा लागेल. मामी रोज फोन करून विचारते कोणाचं खरं धरायचं, काय सांगू तिला?

गुहागरची_लेक
दादा, मी लॅबमध्येच आहे. दोघंही मनचं सांगत नाहीयेत, नियम बदललाय. युरोपियन ल्युकेमियानेट या ल्युकेमिया तज्ज्ञांच्या गटाच्या २०१७ च्या वर्गवारीत एनपीएम१ असेल आणि आयटीडीचा रेशो ०.५ च्या खाली असेल तर फेव्हरेबल, म्हणजे गुड रिस्क धरायचे. २०२२ मध्ये तो रेशोच काढून टाकला, कारण प्रत्येक लॅबची मोजायची पद्धत वेगळी, आणि मिडोस्टॉरिनसारखी एफएलटी३ वरची औषधं आल्यावर चित्र पण बदललं. आता आयटीडी असेल तर इंटरमीजिएट, एनपीएम१ असो वा नसो (दुसरं काही वाईट सापडलं, जसं टीपी५३ जीनमधला बदल, तर गोष्ट वेगळी). म्हणजे मुंबईचं आजच्या नियमाने बरोबर आहे. इंटरमीजिएट म्हणजे हातचं गेलं असं अजिबात नाही, मामींना हे नीट समजावून सांगा. आयटीडीमध्ये जीनचा एक तुकडा डबल होतो, त्यामुळे पेशीला वाढायचा सिग्नल बंदच होत नाही, मिडोस्टॉरिन तोच अडवतं. केमोसोबत ते चालू आहे का, एवढं आजच विचारून घ्या.

मालवणी_माणूस
माझ्या बायकोचं सेम कॉम्बिनेशन होतं. आम्ही पण सुरुवातीला त्या एका शब्दाला धरून रात्र रात्र जागलो, पण पुढचं सगळं ठरलं एमआरडीवर, म्हणजे केमोनंतर किती आजार शिल्लक आहे त्यावर. आणि भावंडांचं एचएलए टायपिंग (डोनर जुळतो का ते बघायची टेस्ट) आत्ताच करून घ्या हो, सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायचा चान्स २५ टक्के, नाही जुळलं तर डोनर शोधण्यात वेळ जातो.

कणकवलीकर
ताई, मिडोस्टॉरिन आठव्या दिवसापासून सुरू आहे, आत्ताच विचारलं. एमआरडीला परत कमरेतून सुई घालणार का? तो त्यालाच घाबरतो.

गुहागरची_लेक
एनपीएम१ ची एमआरडी केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर रक्तातून बघतात, ट्रीटमेंट संपताना मात्र बोनमॅरो लागतो. एमआरडी एनपीएम१ वरच बघायला सांगा, आयटीडी रिलॅप्समध्ये (आजार परत आला तेव्हा) कधी कधी गायब होतो, त्याच्यावर एकट्यावर भरवसा नको.