एआय एजंटसाठी एसएसएच टूलची माहिती कशी लिहायची? आमचा एजंट ४० मिनिटं अडकून बसला

काटा_विभाग

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी आणि एक मदतनीस. मुख्य कार्यालयात २ सर्व्हर, ३ वजनकाट्यांवर एकेक छोटं लिनक्स मशीन, ६ गट कार्यालयांत एकेक. एकूण ११. सगळीकडे जायला एसएसएचवर (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे आज्ञा चालवायची सोय) मी एक स्क्रिप्ट लिहिली आहे, तिचं नाव ‘दोर’. ‘दोर काटा-३’ टाइप केलं की मधल्या गेटवेवरून (वाटेतल्या प्रवेशाच्या मशीनवरून) थेट काट्यावर. मदतनीस शेजारी बसून अर्ध्या तासात शिकला.

हंगाम सुरू व्हायच्या आत रोजचे लॉग (मशीनच्या नोंदी) आणि डिस्क बघायचं काम एजंटला, म्हणजे स्वतः आज्ञा चालवणाऱ्या एआय प्रोग्रामला, द्यावं म्हणून ‘दोर’वर दोन पानं लिहिली. कोणती आज्ञा, कोणतं मशीन, सगळं होतं त्यात. तरी तीन घोळ झाले. काटा-३ चं मशीन नवं होतं, तिथे एजंट ४० मिनिटं नुसता थांबला. काटा-२ वर लॉगमध्ये ‘एरर’ शब्द शोधला, सापडला नाही, तर जोडणी तुटली समजून ९ वेळा परत गेला. तिसरा घोळ मला सगळ्यात लागला. यादीतली ११ मशीन एकामागून एक तपासायची होती, पहिलं झालं आणि थांबला, अहवालात मात्र ‘सर्व ठीक’. गाळप सुरू असताना काटा बंद पडला तर गाड्यांची रांग रस्त्यावर येते आणि ऊस वाळतो. शेतकऱ्याचं वजन जातं त्यात. मला हे नीट करायचं आहे. माहितीत काय राहिलं?

रात्रपाळी

दादा, काय टाइप करायचं हे तुम्ही लिहिलंत. टाइप केल्यावर काय होतं, हे राहिलं. मदतनीसाला ते तुमच्या शेजारी बसून डोळ्यांनी दिसलं.

४० मिनिटांचं कारण असं. नवं मशीन दिसलं की एसएसएच विचारतं, हे ओळखीचं नाही, पुढे जाऊ का? हा प्रश्न नेहमीच्या आउटपुटमध्ये येत नाही, थेट टर्मिनलवर छापला जातो. एजंट वाचतो फक्त आउटपुट. म्हणजे त्याच्यासमोर कोरा पडदा होता. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. कीबोर्डपुढे माणूस आहे हे त्यात धरलेलंच आहे. ‘दोर’मध्ये ‘बॅचमोड येस’ घाला. मग प्रश्न न विचारता ते लगेच नापास होतं. ‘कनेक्टटाइमआउट’ १० सेकंद ठेवा.

काटा-२ चं उत्तर कोडमध्ये, म्हणजे आज्ञा संपताना मिळणाऱ्या आकड्यात आहे. एसएसएचची स्वतःची अडचण असेल तर २५५ येतो. बाकी कुठलाही आकडा पलीकडच्या आज्ञेचा असतो. ‘ग्रेप’ या शब्द शोधणाऱ्या आज्ञेला काही सापडलं नाही की ते १ देतं, ती चूक नव्हेच. एवढं एक वाक्य पानावर असतं तर ९ फेऱ्या वाचल्या असत्या.

आणि यादीचं: यादीवर फिरणाऱ्या लूपमधल्या एसएसएचने उरलेली १० नावं स्वतःचं इनपुट समजून गिळली. ‘डॅश एन’ लावा, म्हणजे ते इनपुटला हात लावणार नाही. शिवाय पानावर लिहा की अहवालात किती मशीन तपासली तो आकडा आलाच पाहिजे.

हिरवा_कर्सर

होस्ट की (मशीनची ओळख पटवणारी की) तपासणी सरळ बंदच करा ना, ‘स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग नो’. कटकट मिटेल.

मूळची_सातारची

कृपा करून असं करू नका. मधे कोणी दुसरं यंत्र बसवलं तरी एजंट मुकाट्याने त्याच्याशी बोलत राहील. दादा, नवं मशीन बसवायला तुम्ही स्वतः जाताच. तिथेच त्याच्या होस्ट कीचा ठसा टिपून घ्या, परत येऊन ‘नोन होस्ट्स’ या ओळखीच्या मशीनच्या फाइलमध्ये की घालताना ताडून बघा. पाच मिनिटांचं काम.

दुसरं सांगते, कारण यात मी पोळले आहे. ‘सेवा रीस्टार्ट करू नकोस’ असं पानावर लिहून भागत नाही. एजंट लॉग वाचतो, आणि लॉगमध्ये बाहेरच्या कोणीही पाठवलेला मजकूर असू शकतो. तो मजकूर त्याला हुकूम वाटला तर? कुलूप सर्व्हरवरच हवं. एजंटला लॉगिनची वेगळी की द्या, सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ (परवानगी असलेल्या कींची फाइल) मध्ये तिच्यापुढे ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड’ लिहा. मग एजंटने काहीही मागितलं तरी तुमची ठरलेली स्क्रिप्टच चालते, ती मागणी बघते आणि यादीत असेल तेवढंच करते. गेटवेवर मात्र ‘रिस्ट्रिक्ट’नंतर पोर्ट फॉरवर्डिंग (जोडणी पुढच्या मशीनकडे नेणं) परत द्यावं लागेल, नाहीतर गेटवेवरून पुढची उडीच बंद. तिथे ‘परमिटओपन’ने तुमच्या मशीनचे २२ नंबरचे पोर्ट तेवढे उघडे ठेवा.

पान मराठीत लिहिलंत तरी एजंटला समजतं. एररचे संदेश मात्र पडद्यावर दिसतात तसेच, अक्षरही न बदलता उतरवा.

काटा_विभाग

ताई, रात्रपाळी दादा, मनापासून आभार. दोन दिवस बसून पान नव्याने लिहिलं. आता सुरुवात अशी आहे:

‘दोर कधीच प्रश्न विचारत नाही. जोडणीला १० सेकंदांपेक्षा जास्त लागत नाहीत. २५५ आला तर जोडणी झाली नाही: एकदाच पुन्हा प्रयत्न कर, मग मशीनचं नाव लिहून पुढे जा. ७७ आला तर ती आज्ञा तुला दिलेली नाही: दुसरी वाट शोधू नकोस, मला विचार. शेवटी ११ पैकी किती झाली ते लिही.’

७७ हा माझ्या स्क्रिप्टचा कोड आहे. आज्ञा तीनच दिल्या: डिस्क, लॉग, सेवेची स्थिती. नदीपलीकडच्या गटाची लाइन रात्री जाते, तेही लिहिलं. हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की पहिल्या पानांत सुचलंच नव्हतं.

काल रात्रीचा अहवाल आला: ११ पैकी १०, नदीपलीकडचं २५५. काटा-२ ची डिस्क ९१ टक्के भरली आहे, गेल्या हंगामाच्या पावत्यांच्या पीडीएफने. दुपारी जाऊन त्या हलवतो.