पाच वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन: त्याला काय सांगू?

यावलची आई:
मुलाचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी जळगावला आहे. सासूबाई म्हणतात, बाजारात नेतो म्हणून सांग. मला ते पटत नाही. मागच्या वर्षी सलाईन लावताना त्याला चौघांनी दाबून धरलं होतं. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की तो घाबरून माझ्या अंगावर चढतो. खरं सांगितलं तर झोपेल का तो?

भुसावळची निवृत्त सिस्टर:
ताई, बाजाराचं अजिबात सांगू नका. थिएटरच्या दाराशी ते खोटं उघडं पडतं, आणि मग पोर तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. सोमवारी सांगा, आठवडाभर आधी नको. 'दुखणार नाही' म्हणू नका. 'थोडं दुखेल, दुखलं की मला सांग, औषध आहे' एवढं पुरे.

सुईचीच भीती आहे ना? मग भूलतज्ज्ञांना भेटून बधिर करणाऱ्या मलमाचं विचारा. ते तासभर आधी हाताला लावून ठेवावं लागतं, ऐनवेळी आठवून उपयोग नाही. मास्कने भूल देणार असतील तर घरी कागदी कप नाकावर धरून फुंकायचा खेळ खेळा.

उपाशी ठेवण्याची वेळ डॉक्टर सांगतील. साधारण जेवणाला ६ तास, साध्या पाण्याला २ तास. आजीने मायेनं दिलेलं एक बिस्कीटही भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, हे सासूबाईंना आधीच समजावा.

आणि एक. शुद्धीवर येताना काही मुलं किंचाळतात, लाथा मारतात, आईलाही ओळखत नाहीत. दर वेळी ते दुखण्यामुळेच असतं असं नाही. बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतं. तुम्ही घाबरू नका, सिस्टरला बोलवा आणि घरच्या बोलीत बोलत राहा: 'उगी राय, मी आठेच शे' (रडू नको, मी इथेच आहे).

धुळेकर बाबा:
लेकीच्या टॉन्सिलच्या वेळी झोप लागेपर्यंत आईला आत थांबू दिलं होतं. सगळीकडे देत नाहीत, पण विचारा. घरी मात्र आम्ही चुकलो. ती हसत होती म्हणून रात्रीचं औषध दिलं नाही, पहाटे कळवळून उठली. दुखायची वाट पाहू नका, डॉक्टरांनी दिलेल्या वेळा पाळा.

यावलची आई:
सिस्टर, काल सांगितलं त्याला. रडला, मग विचारलं, 'तू दाराशी थांबशील?' आज सकाळी पोळ्याच्या मातीच्या बैलाच्या तोंडावर कप धरून त्याला झोपवत होता. मलमाचं विचारायला आत्ताच जळगावला फोन करते.