मदत हवी आहे: फ्लेम मेपलवर रंधा मारताना कपच्या निघतात

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. घरीच गिटारचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर बांधतोय, खोक्याच्या दर्शनी फळीसाठी फ्लेम मेपल, म्हणजे लाटांसारखे पट्टे असलेलं मेपलचं लाकूड मिळालंय. उजेडात फिरवलं की पट्टे हलल्यासारखे दिसतात, फार देखणं लाकूड! पण त्याचे तंतू वरखाली वळत जातात, म्हणून रंधा कोणत्याही दिशेने मारला तरी कुठेतरी कपच्या निघतातच. पातं धारदार आहे, कापही पातळ घेतोय. आता स्क्रेपरच (लाकूड खरवडायची पोलादी पट्टी) वापरावा, की पातं अधिक उभं बसवून पाहावं?

दुसरं, मिरजेच्या तंबोऱ्यांसारखं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश द्यायची फार इच्छा आहे, पट्टे त्यात खुलतील. पण चपडा उष्णतेने मऊ पडतो आणि व्हॉल्व्ह चांगलेच तापतात. खोक्याची मागची बाजू उघडी ठेवली तर चालेल, की लॅकरच बरा? मेपलवर काम केलेल्यांनी कृपया सांगा.